वादळ गेलं गुजरातला, लाट आली मोरजीला

दिवाळीच्या आसपास गोव्यात एक बातमी हटकून येते. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे, त्याचं चक्रीवादळ होऊ शकतं, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये. शेवटी दिलासा असतो: वादळ किनाऱ्यापासून दूर जात असल्यामुळे गोव्याला थेट धोका नाही. हे वाचून आपण पान उलटतो.

३ डिसेंबर २०१७ हा रविवार होता, मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. 'ओखी' नावाचं चक्रीवादळ गोव्यापासून पाचशे किलोमीटरहून जास्त दूर, भर समुद्रात होतं आणि पुढे गुजरातकडे निघालं होतं. गोव्यात झाडं पाडणारा वारा नव्हता. तरीही त्या रात्री मोरजी, मांद्रे, हरमल, केरीच्या वाळूवर भरतीचं पाणी असं चढलं की शॅकमधल्या, म्हणजे वाळूवर हंगामापुरत्या उभारलेल्या खानावळींतल्या, खाटा, टेबलं, फळ्या वाहून गेल्या. नुकताच पर्यटनाचा हंगाम सुरू झालेला, कर्ज काढून उभारलेल्या त्या शॅक. सकाळी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: वादळ इकडे आलंच नाही, मग हे केलं कुणी?

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. 'थेट धोका नाही' म्हणजे नेमकं काय नाही, आणि काय आहे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पावसाळा संपल्यावर वादळं का?

जून ते सप्टेंबर एवढा पाऊस कोसळतो, समुद्र खवळलेला असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ जवळपास होतच नाही. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः दोन वेळा येतात. एकदा मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. २०२१ च्या मे महिन्यातलं 'तौक्ते' त्यातलं. दुसऱ्यांदा ऑक्टोबर ते डिसेंबर, पाऊस परतल्यावर. हा लेख या दुसऱ्या हंगामाविषयी आहे.

कारण समजायला आजीच्या स्वयंपाकघरातली उतरंड आठवा. एकावर एक रचलेली मडकी. खालच्या मडक्यापासून वरच्यापर्यंत सगळी सरळ रेषेत असतील तर उतरंड उभी राहते. वरची मडकी कुणी एका बाजूला ढकलली तर कोसळते. चक्रीवादळही असंच दहा-पंधरा किलोमीटर उंचीचं, हवेचं रचलेलं असतं. पावसाळ्यात खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर, खूप उंचावर, पूर्वेकडून येणारा तेवढाच जोरदार वारा. खालचा एकीकडे ढकलतो, वरचा दुसरीकडे. उतरंड रचलीच जात नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस गोव्यातून निघाला की हे दोन्ही वारे मंदावतात. त्याच सुमारास आभाळ मोकळं होतं, ऑक्टोबरचं ऊन तापतं आणि पावसाळ्यात ढवळून गार झालेला समुद्र पुन्हा ऊबदार होतो. वादळाला जागाही मिळते आणि इंधनही.

वाफेचा चटका

इंधन म्हणजे गरम पाणी. पण पाण्याची ऊब वाऱ्यात कशी उतरते?

पेजेच्या मडक्यावरचं झाकण काढताना वाफेत हात गेला तर कढत पाण्यापेक्षा जोराचा चटका बसतो. वाफ हाताला लागून पुन्हा पाणी होते, आणि पाणी होताना आपल्या पोटात दडवलेली उष्णता सोडून देते. तोच चटका समुद्रावरच्या हवेला बसतो. समुद्राचं पाणी वाफ होऊन उठतं, वर जाऊन ढग होतं आणि ढग होताना उष्णता सोडतं. ती हवा आणखी तापते, आणखी वर चढते. तिच्याखाली हवेचा भार कमी होतो. कमी दाब म्हणतात तो हाच. ती जागा भरायला चहूबाजूंची दमट हवा धावते, तीही वर चढते, तिचीही वाफ उष्णता सोडते. पृष्ठभागापासून सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम असेल तर हे चक्र चालू राहू शकतं. नुसता वरचा पातळ थर गरम असून भागत नाही, कारण वादळ समुद्र ढवळतं आणि खालचं गार पाणी वर आलं की चूल विझते.

धावत येणारी हवा सरळ केंद्राकडे जात नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपल्या गोलार्धात वारा उजवीकडे वळतो आणि केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने गरगरू लागतो. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण जवळजवळ शून्य असतं, म्हणून तिथे चक्रीवादळं होत नाहीत. वादळ बळकट झालं की मधोमध शांत जागा उरते, तो डोळा. 'ओखी' हे बांगलादेशाने दिलेलं नाव, त्याचा अर्थच डोळा. आपल्या 'अक्षि'चंच ते रूप.

नाव कधी मिळतं, आणि बिननावाचं काय

भारतीय हवामान खातं वाऱ्याच्या वेगावर पायऱ्या ठरवतं. ताशी ३१ किलोमीटरपर्यंत कमी दाबाचं क्षेत्र असतं. तिथून ६१ पर्यंत आधी डिप्रेशन आणि मग डीप डिप्रेशन. ६२ झाले की चक्रीवादळ, आणि तेव्हाच बारसं होतं. पुढे तीव्र, अतितीव्र असं चढत जाऊन २२२ किलोमीटरला ते 'सुपर' ठरतं. नावांची यादी या भागातल्या तेरा देशांनी मिळून केली आहे, म्हणून कधी बंगाली नाव येतं, कधी बर्मी, कधी अरबी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नाव मिळालं नाही म्हणजे ते किरकोळ, असं नाही. नाव वाऱ्याच्या वेगाला मिळतं, पावसाला नाही. किनाऱ्याजवळ दोन-तीन दिवस रेंगाळलेलं बिननावाचं डिप्रेशन एखाद्या दूरच्या नामांकित वादळापेक्षा गोव्यात जास्त पाऊस पाडू शकतं.

'क्यार': सगळं आयुष्य पाण्यावर

२०१९ ची दिवाळी गोव्यात अनेकांना आठवत असेल. २४ ऑक्टोबरला कोकणापासून फार दूर नसलेल्या समुद्रात डिप्रेशन झालं. आमच्या वाड्यावरची पोरं नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवत होती आणि पाऊस थांबेना. शेवटी त्याला निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं. त्याच दिवशी मुरगाव बंदराबाहेर नांगरलेलं 'नु शी नलिनी' हे नाफ्ता भरलेलं, माणूस नसलेलं जहाज खवळलेल्या समुद्रात भरकटलं आणि दोनापावलाजवळ खडकांत येऊन अडकलं. पेट घेऊ शकणारा एवढा माल पणजीच्या उंबऱ्याशी, आणि तेव्हा वादळाला नावही मिळालेलं नव्हतं.

नाव मिळालं २५ ला: क्यार, म्हणजे बर्मी भाषेत वाघ. नरकचतुर्दशीला, २७ ऑक्टोबरला, आपण कारीट फोडून फोव खात होतो तेव्हा ते खोल समुद्रात 'सुपर' झालं होतं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर. अरबी समुद्रात असं वादळ २००७ च्या 'गोनू'नंतर पहिलंच. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा बरीच गरम होती, त्याचं हे बळ.

एवढं प्रचंड वादळ चक्रीवादळ म्हणून कुठल्याच किनाऱ्याला लागलं नाही. पश्चिमेला सरकलं, मग नैऋत्येला वळलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आफ्रिकेच्या शिंगाजवळच्या, म्हणजे सोमालियाकडच्या, समुद्रात विरून गेलं. जन्म पाण्यावर, मरणही पाण्यावर. तरीही वाटेत ओमान, अमिराती आणि कराचीच्या किनारी वस्त्यांत समुद्राचं पाणी शिरलं.

वादळ वळतं कशाने?

नदीतला भोवरा पाहिला असेल तर हे सोपं आहे. भोवरा स्वतःभोवती फिरतो, पण कुठे जायचं हे तो ठरवत नाही, नदी ठरवते. वादळाभोवतीच्या उंच हवेचा प्रवाह ही त्याची नदी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा प्रवाह बहुतेक वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, म्हणून गोव्यासमोरची बरीच वादळं ओमान-येमेनची वाट धरतात. पण थंडी जवळ आली की उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचे पट्टे खाली उतरतात. वादळ त्यांच्या तावडीत सापडलं की उत्तरेला, मग ईशान्येला वळतं. ओखी असंच वळलं. २००९ मध्ये 'फयान' तर आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि ११ नोव्हेंबरला अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात जमिनीला लागलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले अनेक मच्छिमार त्यात घरी परतले नाहीत.

'आभाळ निरभ्र आहे, मग लाल बावटा कशाला?'

जीवरक्षकांना हा प्रश्न दर हंगामात ऐकावा लागतो. खरं तर इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात.

रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहा. चोडणची फेरीबोट समोरून जाते. ती जाते तेव्हा तुमच्या पायाशी पाणी शांतच असतं. थोड्या वेळाने, बोट बरीच पुढे गेल्यावर, धक्क्यावर लाटा चापट मारू लागतात. तोवर तुमची नजर दुसरीकडे गेलेली असते. बोट तुमच्याकडे आली नाही, तिची लाट आली.

वादळ असंच करतं. त्याच्या पोटाखालचा समुद्र नुसता कल्लोळ असतो, लहान-मोठ्या लाटा एकमेकींवर आदळत असतात. त्यातल्या लांबलचक लाटा तिथून निसटून चहूकडे निघतात आणि शेकडो किलोमीटर फारशी ताकद न गमावता प्रवास करतात. शास्त्रज्ञ त्यांना स्वेल म्हणतात. मी 'लांबून आलेली लाट' म्हणेन.

ती ओळखायची कशी? घड्याळ लावा आणि एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंतचे सेकंद मोजा. इथल्याच वाऱ्याने उठलेल्या लाटा चार-सहा सेकंदांनी येतात. वादळाकडून आलेल्या लाटा बारा, चौदा, कधी सोळा सेकंदांनी. चौदा सेकंदांच्या लाटांची तुकडी खोल समुद्रातून ताशी साधारण चाळीस किलोमीटरने पुढे सरकते. वादळ स्वतः बहुधा ताशी दहा-वीस किलोमीटरने चालतं. म्हणजे सहाशे किलोमीटरवरची लाट पंधरा तासांत वाळूवर पोचते, वादळाच्या कितीतरी आधी, आणि वादळ मध्येच दुसरीकडे वळलं तरीही.

अशी लाट दिसायला गरीब असते. दोन लाटांच्या मधला वेळ मोठा, त्यामुळे समुद्र शांत झाल्यासारखा वाटतो. लोक पाण्यात उतरतात. मग उथळ पाण्यात येताच ती उंच होते, फुटते, वाळूवर दूरवर चढते आणि परत जाताना तेवढ्याच जोराने ओढते. त्या ओढीत पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

आता यात चंद्र मिळवा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटी. गोव्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांच्या आसपास जातो. त्या भरतीच्या माथ्यावर लांबून आलेली लाट स्वार झाली तर पाणी एरवी कधीच जात नाही तिथवर जातं. ओखीच्या रात्री नेमकं हेच झालं. पौर्णिमा होती, चंद्र त्या दिवसांत पृथ्वीच्या नेहमीपेक्षा जवळ होता आणि पौर्णिमेची भरती आपल्याकडे रात्री उशिरा येते. हीच लाट अष्टमीला आली असती तर बहुतेक शॅक वाचल्या असत्या असं मला वाटतं.

समुद्रावर असलेल्यांचं काय?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टपासून हळूहळू जोर धरलेला हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरात येतो, आणि वादळांचाही हंगाम तोच. माळीम, कुटबण, खारीवाडा, शापोराहून सुटलेले ट्रॉलर काही दिवसांनीच परततात. ट्रॉलर ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास धावतो. शंभर किलोमीटरवरून घरी यायला सहा-सात तास लागतात, तेही समुद्र सरळ असेल तर. त्यामुळे 'वारा सुटला की येऊ' हा हिशेब चालत नाही. ओखी २९ नोव्हेंबरला डिप्रेशन होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चक्रीवादळ. केरळ-तामिळनाडूच्या ज्या होड्या आधीच दूर गेल्या होत्या, त्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता. शेकडो माणसं गेली किंवा बेपत्ता झाली.

आमच्या शेजारचे रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे पकडणारे) काका मोबाइलवरचा इशारा बघतात, पण त्याआधी वारा बघतात. या दिवसांत सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि दुपारनंतर वायव्येकडून. "दक्षिणेचा सुटला की होडी वर ओढायची," असं ते सांगतात. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. वादळ गोव्याच्या पश्चिमेला असेल तर घड्याळाच्या उलट फिरणारा त्याचा वारा आपल्याकडे दक्षिणेकडूनच येणार.

बंदरावरच्या बावट्यांचंही एवढं लक्षात ठेवा. एक आणि दोन नंबर म्हणजे संकट दूर समुद्रात आहे, तीन आणि चार म्हणजे बंदराला त्याची झळ लागू शकते, पाचपासून पुढे खरा धोका. 'एकच नंबर आहे' हे धक्क्यावर उभ्या असलेल्याला धीर देणारं आहे. खोल समुद्रात जाऊ पाहणाऱ्यासाठी तोच सगळ्यात गंभीर, कारण तो तिकडेच निघालेला असतो.

भात, मोहोर आणि खाजन

शेतकऱ्याच्या वाट्याला पाऊस येतो. वादळाचे ढग केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. सरद भात पिकून उभं, कापणी तोंडावर, आणि दोन दिवस धो-धो. भात आडवं पडतं, लोंब्या पाण्यात भिजून त्यांनाच कोंब फुटतात. नोव्हेंबर-डिसेंबरचा अवेळी पाऊस काजू-आंब्याच्या मोहोराला नडतो.

खाजनांचं दुखणं आणखी खोल आहे. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेती. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारं भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. समुद्र फुगलेला असेल तर ओहोटीलाही पाणी पुरेसं उतरत नाही, वरून पावसाचं पाणी येतच असतं आणि जुना, डागडुजी न झालेला बांध मध्येच खचतो. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढच्या पावसाने धुऊन निघेपर्यंत मीठ मातीतच राहतं. कोरगुटासारखी खारेपणा सोसणारी जात काही प्रमाणात तग धरते, बाकीचं पीक जातं. बांधांची दुरुस्ती हा वादळाच्या तयारीचा भाग आहे हे आपण मान्यच करत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

'गेल्या वेळी इशारा दिला, काहीच झालं नाही'

ही तक्रार समजण्यासारखी आहे. बोट जेटीला बांधून ठेवली की दिवस बुडतो. पण अंदाज कसा असतो ते पाहा. वादळाचं केंद्र चोवीस तासांनी कुठे असेल हे हवामान खातं आता सरासरी शंभर किलोमीटरच्या आतल्या चुकीने सांगतं. एवढ्या मोठ्या समुद्रात हे कौतुकास्पद आहे. पण पणजीपासून काणकोण सत्तर किलोमीटरवर आहे. शंभर किलोमीटर इकडे-तिकडे झाले की एका गावात कडक ऊन आणि दुसऱ्या गावात पूर. वादळ किती जोर धरेल हे सांगणं त्याहून अवघड. क्यार तीन दिवसांत डिप्रेशनचं 'सुपर' झालं होतं. न घडलेल्या धोक्याचा इशारा खोटा नसतो. नाणेफेकीआधी 'छापा पडू शकतो' असं सांगणाऱ्याला आपण काटा पडल्यावर लबाड म्हणत नाही.

वादळं खरंच वाढली आहेत का?

अरबी समुद्राच्या बाबतीत उत्तर बऱ्याच अंशी होय असं आहे. पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर इकडे एक, असं प्रमाण धरलं जायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली वादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली, उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. समुद्र तापतो आहे, हे त्यामागचं मोठं कारण. दरवर्षी वादळ येईलच असा याचा अर्थ नाही. काही वर्षं कोरडी जातात, आणि मुळात आकडे लहान असल्यामुळे एक-दोन वादळांनीही टक्केवारी उडी मारते. पण वीस वर्षांपूर्वीचा अनुभव सांगून 'आपल्याकडे असलं काही होत नाही' म्हणणं आता बरोबर नाही.

मरण, आणि मागे उरलेलं

वादळ तीन तऱ्हांनी मरतं. जमिनीवर गेलं की वाफ तुटते. वरचा वारा जोर धरला की उतरंड कोसळते. किंवा गार पाणी आणि अरबस्तानच्या वाळवंटातली कोरडी हवा पोटात शिरून चूल विझते. डिसेंबरात गुजरातकडे वळलेलं वादळ बहुधा पोचेपर्यंत अर्धमेलं होतं. ओखीही सुरतेकडे जाताना असंच विरलं.

ते गेल्यावर त्याच्या वाटेवर गार पाण्याचा पट्टा राहतो, कारण खालचं पाणी ढवळून वर आलेलं असतं. त्या पाण्यासोबत तळाकडचं खतही वर येतं. काही दिवसांत तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि उपग्रहाच्या चित्रात निळ्या समुद्रावर हिरवी रेघ उमटते.

पुढची बातमी येईल तेव्हा

चक्रीवादळ झालं की हवामान खातं दर तीन तासांनी माहिती देतं, हैदराबादची समुद्र माहिती सेवा, म्हणजे इन्कॉइस, उंच लाटांचा वेगळा इशारा देते, आणि पणजीला आल्तिनोवर डॉपलर रडार आहे. तिथून येणाऱ्या माहितीत तीन गोष्टी शोधा: केंद्र किती दूर आहे, ते कुठल्या दिशेने चाललं आहे, आणि लाटांचा इशारा कोणत्या वेळेचा आहे. मग भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. पौर्णिमा किंवा अमावास्या दोन दिवसांवर असेल, तर वादळ ओमानला जाणार असलं तरी होडी भरतीच्या रेषेच्या बरीच वर ओढा, शॅकमधलं सामान त्याच संध्याकाळी हलवा आणि रात्रीच्या भरतीला पोरांना वाळूवर सोडू नका.